साखळीपट्ट्याच्या वाहनांची ट्रेलर-वाहतूक

साखळीपट्ट्याच्या वाहनांची ट्रेलर-वाहतूक म्हणजे चाकांऐवजी साखळीपट्ट्यांवर चालणारी वाहने व यंत्रे दुसऱ्या वाहनामागे जोडलेल्या ट्रेलरवर चढवून रस्त्याने नेण्याची पद्धत होय. पोकलेन, बुलडोझर, साखळीपट्ट्याचे कापणीयंत्र, रणगाडे, बर्फावरील वाहने आणि संग्रहालयात किंवा खाजगी संग्रहात जपलेली जुनी पट्टेदार वाहने यांची वाहतूक बहुधा याच पद्धतीने होते. या वाहतुकीत ट्रेलरची निवड हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. वाहन, ट्रेलरचा तळ, आस, टायर, ब्रेक, जोडणी, ओढणारे वाहन आणि वाटेवरील पूल ही एकच मालिका मानली जाते. या मालिकेतील सर्वांत दुबळ्या दुव्याची जितकी क्षमता, तितकीच संपूर्ण वाहतुकीची क्षमता असते.

## संज्ञा

इंग्रजीतील 'ट्रॅक' या शब्दासाठी मराठी लेखनात साखळीपट्टा किंवा पट्टा असे शब्द वापरले जातात. मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र 'चेनचे मशीन' किंवा 'चेनवाले' असेच म्हणतात. साखळीपट्ट्याच्या उत्खनकाला सरसकट 'पोकलेन' म्हणण्याची रूढी पोक्लेन या फ्रेंच कंपनीच्या नावावरून आली. यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी हेच नाव चालते.

जमिनीपासून कमी उंचीचा तळ असलेल्या ट्रेलरला लो-बेड ट्रेलर म्हणतात. बोलण्यात त्याचा 'लोबेड' होतो. ट्रेलर ओढणाऱ्या, स्वतःचा हौदा नसलेल्या मोटारीला चालकवर्गात 'घोडा' हे नाव आहे. या लेखात ट्रेलर ओढणाऱ्या कोणत्याही वाहनासाठी 'ओढवाहन' हा शब्द वापरला आहे.

## ट्रेलरची आवश्यकता

साखळीपट्ट्यामुळे वाहनाचे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते. त्यामुळे मऊ माती, चिखल, वाळू किंवा बर्फ यांवर ते सहसा रुतत नाही. डांबरी रस्त्यावर मात्र हाच गुण दोष ठरतो. पट्ट्याच्या पोलादी कड्या रस्त्याचा पृष्ठभाग उखडतात, वळताना पट्टा रस्त्यावर आडवा घासला जातो आणि पट्ट्याच्या खिळी, कड्या व रोलर झपाट्याने झिजतात.

वेग हे दुसरे कारण आहे. २० टन वजनाच्या वर्गातील पोकलेनचा स्वतःच्या पट्ट्यांवर चालण्याचा कमाल वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर असतो. नायगाव ते नांदेड हे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर त्याला न थांबता कापायचे झाल्यास दहा तास लागतील. ट्रेलरवरून हाच प्रवास दीड-दोन तासांत होतो.

जुन्या वाहनांच्या बाबतीत तिसरे कारण जोडले जाते. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. पट्ट्याची एक तुटलेली कडी किंवा फाटलेला रबरी पट्टा म्हणजे वाहन कायमचे जागेवर बसण्याची शक्यता असते. म्हणून चालू स्थितीतील जुने वाहनही प्रदर्शनस्थळापर्यंत ट्रेलरवरूनच नेले जाते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये साखळीपट्ट्याच्या ट्रॅक्टरची यशस्वी चाचणी घेतली. दलदलीच्या शेतजमिनीत चाकांचे अवजड ट्रॅक्टर रुतत, ही त्यामागची अडचण होती. १५ सप्टेंबर १९१६ रोजी पहिल्या महायुद्धात रणगाडा प्रथम रणांगणावर उतरला. रणगाडे लांबवर स्वतःच्या पट्ट्यांवर नेल्यास लढाईपूर्वीच निकामी होतात, हा अनुभव लवकरच आला. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे वाहून नेण्यासाठी स्कॅमेल पायोनियर, डायमंड टी यांसारखी खास ओढवाहने आणि बहुचाकी ट्रेलर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. आजच्या लो-बेड ट्रेलरच्या रचनेवर या अनुभवाचा ठसा आहे.

बर्फावरील पट्टेदार वाहनांचा विकासही याच काळात झाला. कॅनडात जोसेफ-आर्मांड बोंबार्डिये यांनी १९३० च्या दशकात प्रवासी बर्फवाहने तयार केली. अमेरिकेत स्टुडबेकर कंपनीने दुसऱ्या महायुद्धात एम-२९ 'वीझल' हे हलके वाहन बनवले, तर टकर कंपनीच्या 'स्नो-कॅट' वाहनांतून व्हिव्हियन फुक्स यांच्या पथकाने मार्च १९५८ मध्ये अंटार्क्टिका खंड ओलांडला. याच मोहिमेच्या दुसऱ्या बाजूने एडमंड हिलरी यांचे पथक ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. त्यांनी वापरलेली वाहने म्हणजे पट्टे चढवलेले साधे फर्ग्युसन शेती-ट्रॅक्टर होते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर याच परंपरेतील आहे.

## वाहनाची पूर्वमोजणी

### वजन

ट्रेलर निवडण्यापूर्वी वाहनाचे प्रत्यक्ष वजन माहीत असावे लागते. माहितीपुस्तिकेतील आकडा बहुधा मूळ, रिकाम्या वाहनाचा असतो. जुन्या वाहनात नंतर बसवलेले इंजिन, पोलादी पत्रे, इंधन, सुटे भाग, अवजारे आणि पट्ट्यांत साचलेला चिखल यांमुळे वजन वाढते. साखर कारखाने, जिनिंग व बाजार समित्या येथील वजनकाट्यावर ते करून घेता येते. ट्रेलर आधी रिकामा व नंतर भरून तोलल्यास दोन्ही आकडे हाती येतात. काटा पुरेसा मोठा असल्यास ओढवाहनाची व ट्रेलरची चाके वेगवेगळी चढवून आसांवरील भारही कळतो.

### आकार

रुंदी पट्ट्यांच्या बाहेरील कडांवरून मोजली जाते. उंची मोजताना ट्रेलरच्या तळाची उंची मिळवावी लागते. खालील तक्त्यात काही परिचित पट्टेदार वाहनांची स्थूल मापे दिली आहेत. उपप्रकारानुसार ती बदलतात.

| वाहन | प्रकार | वजन (टन, सुमारे) | रुंदी (मीटर, सुमारे) |
|---|---|---|---|
| एम-२९ वीझल | जुने बर्फवाहन | १.८ | १.७ |
| बीव्ही-२०६ | दोन भागांचे बर्फवाहन | ४.५ | १.९ |
| पीटी-७६ | हलका उभयचर रणगाडा | १४ | ३.१ |
| २० टन वर्गातील पोकलेन | उत्खनक | २० | २.८ |
| टी-५५ | रणगाडा | ३६ | ३.३ |
| विजयंता | रणगाडा | ३९ | ३.२ |
| सेंच्युरियन | रणगाडा | ५१ | ३.४ |

या तक्त्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. हलकी बर्फवाहने लहान दोन-आसी ट्रेलरवर मावतात, तर पोकलेन व रणगाडे वजनाबरोबरच रुंदीमुळेही वेगळ्या वर्गात जातात. तसेच केवळ आकारावरून वजनाचा अंदाज फसवा ठरतो. पीटी-७६ आणि विजयंता यांच्या रुंदीत फारसा फरक नाही, पण वजनात जवळजवळ तिपटीचे अंतर आहे.

### गुरुत्वमध्य

इंजिन पुढे आहे की मागे, यावर वाहनाचा गुरुत्वमध्य ठरतो. पोकलेनचा मागील प्रतिभार अवजड असतो. रणगाड्यांत इंजिन बहुधा मागे असते, तर अनेक बर्फवाहनांत ते पुढे असते. ट्रेलरवर वाहन कोणत्या जागी उभे करायचे, हे लांबीच्या मध्यावरून ठरत नाही, गुरुत्वमध्यावरून ठरते.

## ट्रेलरचे प्रकार

भारतात ट्रेलरचे एकूण भारित वजनानुसार चार वर्ग मानले जातात: टी-१ (०.७५ टनापर्यंत), टी-२ (०.७५ ते ३.५ टन), टी-३ (३.५ ते १० टन) आणि टी-४ (१० टनांहून अधिक). रचनेनुसार पुढील प्रकार आढळतात.

* मध्य-आसी ट्रेलर: एक किंवा दोन जवळजवळच्या आसांवरील सपाट ट्रेलर. याचा काही भार जोडणीवर येतो. हलक्या बर्फवाहनांसाठी उपयुक्त.
* पूर्ण ट्रेलर: पुढे व मागे दोन्हीकडे आस असलेला. जोडणीवर उभा भार जवळजवळ येत नाही, पण मागे घेताना वळवणे अवघड जाते.
* अर्ध-ट्रेलर: पुढचा भाग ओढवाहनाच्या गोल बैठकीवर टेकतो. पोकलेन व रणगाड्यांसाठी वापरले जाणारे बहुतेक लो-बेड ट्रेलर या प्रकारचे असतात.
* झुकता ट्रेलर: ज्याचा तळ मागे कलतो. वेगळ्या फळ्या लागत नाहीत. बंद पडलेले वाहन खेचून चढवण्यास सोयीचा.
* बहुआसी हायड्रॉलिक ट्रेलर: अतिजड भारासाठी आसांच्या रांगा जोडून तयार केलेला. रणगाड्यांसाठी क्वचितच, कारखान्यांच्या यंत्रसामग्रीसाठी प्रामुख्याने वापरला जातो.

शेतीची ट्रॅक्टर-ट्रॉली पट्टेदार वाहनासाठी योग्य नसते. तिचा तळ उंच असतो, पत्रा पातळ असतो, बाजूच्या फळ्यांमुळे वाहन चढवता येत नाही आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. ऊस किंवा मातीचा भार संपूर्ण तळावर पसरतो, तर पट्टेदार वाहनाचा भार दोन अरुंद पट्ट्यांवर येतो. हा फरक लक्षात न घेतल्यास ट्रॉलीचा तळ वाकतो.

## निवडीचे निकष

### भारक्षमता

ट्रेलरच्या एकूण अनुमत वजनातून त्याचे स्वतःचे वजन वजा केल्यावर उरते ती भारक्षमता. ३.५ टनांचा ट्रेलर स्वतः ७०० किलोचा असेल, तर त्यावर २.८ टनच ठेवता येतात. 'साडेतीन टनी' ट्रेलरवर साडेतीन टनांचे वाहन चढवणे ही या क्षेत्रातील नेहमीची चूक आहे. भारक्षमतेचा साधारण पाचवा भाग राखीव ठेवणे हितावह असते. जुन्या ट्रेलरच्या बाबतीत पाटीवरील आकड्यापेक्षा गंज, जुने जोड, स्प्रिंग व टायरची अवस्था अधिक बोलकी असते.

### जोडणीवरील भार

बैलगाडीत भार मागे अधिक झाला की गाडी 'उलाळ' होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, हे ग्रामीण वाचकांस ठाऊक आहे. मध्य-आसी ट्रेलरला हाच नियम लागू होतो. भार मागे झाल्यास ट्रेलर ओढवाहनाची मागची चाके हलकी करतो व वेग वाढताच सापासारखा डोलू लागतो. असा डोलणारा ट्रेलर ओढवाहनासह उलटू शकतो. भार फार पुढे झाल्यास ओढवाहनाचे मागचे स्प्रिंग दबतात, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू सैल पडते.

लहान ट्रेलरसाठी जोडणीवर एकूण ट्रेलर-वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार असावा, असा उत्तर अमेरिकेतील प्रघात आहे. युरोपात याहून कमी प्रमाण प्रचलित आहे. कोणत्याही परिस्थितीत ओढवाहनाच्या जोडणीची अनुमत मर्यादा ओलांडता येत नाही.

पुढील उदाहरणावरून वाहनाच्या जागेचे महत्त्व स्पष्ट होते. रिकामा ट्रेलर ७०० किलोचा असून जोडणीवर त्याचा ७० किलो भार येतो. जोडणी ते आसांचा मध्य हे अंतर ४ मीटर आहे. वाहन २,००० किलोचे आहे.

| गुरुत्वमध्य आसांच्या मध्यापासून पुढे | जोडणीवरील एकूण भार | एकूण वजनाशी प्रमाण |
|---|---|---|
| ० सेंमी | ७० किलो | २.६ टक्के |
| २० सेंमी | १७० किलो | ६.३ टक्के |
| ४० सेंमी | २७० किलो | १० टक्के |

दोन हजार किलोचे वाहन वीतभर पुढेमागे झाल्याने जोडणीवरील भार शंभर किलोने बदलतो. म्हणून ट्रेलर केवळ वाहनाच्या लांबीइतका असून भागत नाही. वाहन योग्य जागी सरकवता यावे इतकी जादा लांबी त्यात असावी लागते. एकदा योग्य जागा सापडली की तळावर रंगाने खूण करून ठेवण्याची पद्धत आहे.

### तळ

पट्टेदार वाहनाचा भार ट्रेलरच्या लांबीच्या दिशेने दोन रेषांवर येतो. त्या रेषांखाली आडव्या तुळया पुरेशा जवळ असाव्या लागतात. नुसत्या पोलादी तळावर पोलादी पट्टा सहज घसरतो. ओला किंवा तेलकट तळ तर अधिकच धोकादायक असतो. त्यामुळे जाड लाकडी फळ्यांचा तळ पसंत केला जातो किंवा पट्ट्यांखाली रबरी चटया अंथरल्या जातात. बर्फवाहनांच्या पट्ट्यांवर बर्फात रुतण्यासाठी उभ्या पट्ट्या असतात. कडक तळावर त्या वाकू नयेत म्हणूनही फळ्या किंवा रबर आवश्यक असते.

### चढमार्ग

तळाची उंची आणि चढफळीची लांबी यांवरून चढ ठरतो. तळ ९० सेंटिमीटर उंच व फळी १.८ मीटर लांब असेल, तर चढ ३० अंशांचा होतो. फळी दुप्पट म्हणजे ३.६ मीटर केल्यास तो सुमारे १४.५ अंशांवर येतो. पहिल्या स्थितीत बंद वाहन खेचण्यासाठी केवळ चढावर मात करायला वजनाच्या निम्मे बळ लागते, दुसऱ्या स्थितीत पाव. पट्ट्यांचे घर्षण याहून वेगळे धरावे लागते. कमी उंचीचा तळ किंवा लांब फळी हा म्हणूनच सोयीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

### ब्रेक व टायर

हलक्या ट्रेलरमध्ये रेट्यावर चालणारे ब्रेक असतात. ओढवाहन मंदावताच ट्रेलर पुढे रेटला जातो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. जड ट्रेलरमध्ये हवेचे ब्रेक असतात. जोडणी सुटल्यास आपोआप ब्रेक लागण्याची सोय व सुरक्षा-साखळी असणे अत्यावश्यक असते. ट्रेलरचे टायर झिजण्यापूर्वीच उन्हाने तडकतात. नक्षी शाबूत दिसते, पण आतील थर सुटलेला असतो. वर्षातून क्वचित वापरल्या जाणाऱ्या ट्रेलरबाबत ही शक्यता अधिक असते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तर ती विशेष ध्यानात घ्यावी लागते.

### ओढवाहन

ओढवाहन ट्रेलर हलवू शकते, एवढ्यावरून ते योग्य ठरत नाही. उतारावर त्याला थोपवता येते का, हा खरा निकष आहे. वजनाने हलक्या ओढवाहनाला जड ट्रेलर वळणावर मागून ढकलतो आणि दोन्ही वाहने कात्रीसारखी दुमडतात.

## चढवणे

ट्रेलर सपाट व कठीण जमिनीवर उभा करून त्याची चाके पाचरींनी अडवली जातात. ट्रेलरच्या मागील टोकाखाली लाकडी ओंडके किंवा टेकू देणे आवश्यक असते. वाहनाचा भार प्रथम याच टोकावर येतो आणि टेकू नसल्यास ट्रेलरचा पुढचा भाग ओढवाहनासह उचलला जातो.

चढताना सर्वांत नाजूक क्षण फळीच्या माथ्यावर येतो. चढफळी संपून तळ सुरू होतो तेथे पट्टेदार वाहन काही क्षण एका कडेवर तोलले जाते. एरवी दोन लांब पट्ट्यांवर पसरलेले सारे वजन त्या क्षणी एका रेषेवर येते. मग वाहन पुढे कलून तळावर आदळते. चालकाने या जागी वेग जवळजवळ शून्य करणे आणि दिशा मुळीच न बदलणे अपेक्षित असते. पोकलेनचा चालक खोऱ्याचा टेकू घेऊन हा आघात सौम्य करतो.

जुन्या वाहनांत हा धोका वाढतो. अनेक पट्टेदार वाहने एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लावून वळवली जातात. हे ब्रेक जुने व असमान असल्यास वाहन फळीवर अचानक तिरपे होते. त्यामुळे जुने वाहन स्वतःच्या इंजिनावर चढवण्यापेक्षा तारेच्या विंचने सरळ रेषेत सावकाश खेचणे अधिक सुरक्षित मानले जाते. ताणलेली तार तुटल्यास ती चाबकासारखी उलटते. म्हणून खेचताना तारेच्या रेषेत व फळीच्या दोन्ही बाजूंना कोणीही उभे राहू नये, हा नियम सर्वत्र पाळला जातो. खाली उभे राहून हाताच्या खुणा करणाऱ्या मदतनिसाला सर्वाधिक धोका असतो. खुणा करणारी व्यक्ती एकच असावी आणि ती चालकाला सतत दिसेल अशा जागी, वाहनाच्या मार्गापासून दूर उभी असावी.

## बांधणे

वाहनाचे वजन त्याला जागेवर धरून ठेवेल, हा गैरसमज आहे. वाहन जितके जड, तितका ब्रेक लागताना त्याचा पुढे जाण्याचा रेटाही मोठा. भार बांधण्याविषयीच्या युरोपीय मानकानुसार पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के, तर मागे व बाजूंना प्रत्येकी ५० टक्के बळ सहन होईल अशी बांधणी अपेक्षित आहे. दोन टनांच्या वाहनासाठी पुढच्या दिशेने हे बळ १.६ टन वजनाइतके होते. त्यातील काही वाटा तळाच्या घर्षणाचा, उरलेला साखळ्यांचा. अमेरिकेतील नियमांनुसार ४,५३६ किलो (१०,००० पौंड) व त्याहून जड यंत्रे किमान चार ठिकाणी बांधावी लागतात आणि खोरे, हात यांसारखे हलणारे भाग खाली टेकवून स्वतंत्रपणे जखडावे लागतात.

बांधणी करताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

* चारही साखळ्या चार कोपऱ्यांकडे तिरप्या ओढलेल्या असाव्यात, म्हणजे प्रत्येक दिशेचा रेटा सामावला जातो.
* साखळीचा 'तुटण्याचा भार' व 'कामाचा सुरक्षित भार' हे वेगळे आकडे असतात. हिशेब नेहमी दुसऱ्यावर करायचा असतो.
* साखळी वाहनाच्या मुख्य सांगाड्यावरील ओढ-कड्यांना बांधली जाते. पातळ पत्रा, पायरी किंवा नळ्या यांना नव्हे.
* स्प्रिंगवर तोललेले वाहन प्रवासात खालीवर होते व बांधणी सैल पडते. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून ती पुन्हा ताणली जाते.
* पट्ट्यांच्या पुढे-मागे पाचरी ठोकल्या जातात. वाहनाचा हातब्रेक ही केवळ पूरक सोय मानली जाते.

## कायदेशीर बाजू

भारतात ट्रेलर-वाहतुकीस मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत. वाहनाची रुंदी सर्वसाधारणपणे २.६ मीटरपर्यंत मर्यादित आहे. याहून रुंद पोकलेन किंवा रणगाडा नेण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने आसांवरील अनुमत भार वाढवला. चार टायरच्या एका आसासाठी मर्यादा १०.२ वरून ११.५ टन, तर तीन आसांच्या गटासाठी २४ वरून २७ टन झाली. दोन आसांचे ओढवाहन व तीन आसांचा अर्ध-ट्रेलर यांचे एकूण अनुमत वजन त्यानुसार ४५.५ टन होते. प्रत्यक्षात नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेला आकडाच ग्राह्य असतो. उदाहरणार्थ, ९ टनांचे ओढवाहन, ११ टनांचा ट्रेलर व २० टनांचे पोकलेन मिळून ४० टन होतात; ते या मर्यादेत बसते. त्याच ट्रेलरवर ३६ टनांचा टी-५५ ठेवल्यास एकूण वजन ५६ टन होते आणि मर्यादा ओलांडली जाते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिभारासाठी अधिनियमाच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक अतिरिक्त टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा भार उतरवल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. भार बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेल्यास त्यासाठीही २०,००० रुपये दंड आहे.

## पूल व रस्ते

भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी:६ या संहितेत पुलांच्या आराखड्यासाठी काही काल्पनिक वाहने गृहीत धरली आहेत. त्यांतील 'क्लास डबल ए' व '७० आर' या वर्गांत ७० टन वजनाचे साखळीपट्ट्याचे वाहन आहे. म्हणजे देशातील महत्त्वाचे पूल आखतानाच रणगाड्यासारख्या भाराचा विचार केलेला असतो. ट्रेलरवर चढवल्यानंतर मात्र तोच भार पट्ट्यांऐवजी आसांद्वारे पुलावर येतो आणि त्यात ट्रेलर व ओढवाहनाच्या वजनाची भर पडते. गावरस्त्यांवरील जुने फरशी पूल, मोऱ्या व कालव्यांवरील अरुंद पूल अशा भारासाठी बांधलेले नसतात. त्यामुळे मार्ग आधी पाहून ठरवणे हा ट्रेलरनिवडीचाच भाग ठरतो. लो-बेड ट्रेलरचा खोलगट तळ उंचवट्याच्या मोरीवर किंवा रेल्वे फाटकावर टेकून अडकतो, तर विजेच्या लोंबत्या तारा उंच भाराला धोकादायक ठरतात.

## महाराष्ट्र व गोव्यातील संदर्भ

### मराठवाडा

नांदेड व लातूर जिल्ह्यांत पट्टेदार यंत्रांची वाहतूक नित्याची आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान आणि २०१७ मधील 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना यांमुळे नाला खोलीकरण, शेततळी व तलावांतील गाळ काढणे यांसाठी पोकलेनची मागणी वाढली. नांदेड–देगलूर–हैदराबाद मार्गावरील नायगाव, नरसी या भागांतून अशी यंत्रे लो-बेड ट्रेलरवरून गावोगाव जातात. हंगाम उन्हाळ्याचा असल्याने एकाच यंत्राला पावसापूर्वी अनेक गावे गाठावी लागतात आणि चढवण्या-उतरवण्याचे काम वारंवार, अनेकदा रात्री व घाईने होते.

या भागातील काळी जमीन हा वेगळा घटक आहे. कोरडी असताना ती टणक भासते, मात्र पहिल्या पावसानंतर फुगून चिकट होते. अशा जमिनीत पोकलेन चालते, परंतु ते नेण्यासाठी आलेला ट्रेलर रुततो. त्यामुळे यंत्र शेतातून पक्क्या रस्त्यापर्यंत स्वतःच्या पट्ट्यांवर आणून तेथे ट्रेलरवर चढवतात. ओल्या कडेवर ट्रेलर उभा केल्यास चढवताना एका बाजूची चाके खचून तो कलंडण्याचा धोका असतो. पट्ट्यांना लागलेली ओली माती चढफळीवर वंगणासारखे काम करते, म्हणून ती आधी खरवडून काढावी लागते.

### अहिल्यानगर

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे भारतीय लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल असून तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता व १९६५ च्या युद्धाची आठवण देणारा पॅटन असे रणगाडे तेथे पाहता येतात. जुन्या पट्टेदार वाहनांचा महाराष्ट्रातील हा सर्वांत महत्त्वाचा संग्रह आहे. निवृत्त रणगाडे देशातील अनेक शहरांत चौक, उद्याने व शाळांच्या आवारात स्मारक म्हणूनही उभे आहेत. असे रणगाडे बहुधा चालू स्थितीत नसतात. त्यामुळे ते क्रेनने उचलून किंवा विंचने खेचून ट्रेलरवर घ्यावे लागतात. लांबच्या पल्ल्यासाठी लष्कर रेल्वेच्या सपाट वाघिणींचाही उपयोग करते.

### गोवा व अंटार्क्टिका

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातून निघाली. वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आज भारताच्या ध्रुवीय मोहिमांचे संचालन करते. १९८९ पासून कार्यरत असलेले मैत्री हे संशोधन केंद्र हिमस्तराच्या कडेपासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. तेथवर इंधन व सामान 'पिस्टनबुली' या पट्टेदार बर्फवाहनांमागे जोडलेल्या घसरगाड्यांवरून नेले जाते. येथे नाते उलटे होते. रस्त्यावर पट्टेदार वाहन ट्रेलरवर बसते, तर बर्फावर तेच ओढवाहन बनते. जोडणी, भाराची मांडणी व उतारावर थोपवण्याची क्षमता हे निकष मात्र तेच राहतात.

## जुन्या वाहनांविषयी विशेष दक्षता

जपणूक करावयाच्या वाहनात मूळ रंग, कड्या, रबर व काचा यांना ऐतिहासिक मूल्य असते. साखळी थेट रंगावर घासू नये म्हणून मऊ गाद्या लावल्या जातात. ताडपत्री सैल बांधल्यास वाऱ्याने फडफडून ती रंग घासून काढते. इंधनाची टाकी जवळजवळ रिकामी ठेवतात आणि बॅटरीची जोडणी सोडतात. बर्फवाहनांची कॅबिन बहुधा हलक्या पत्र्याची किंवा फायबरची असल्याने तिच्यावरून पट्टा ओढून वाहन दाबून बांधता येत नाही. दारे, झाकणे व सुटे दिवे आधीच काढून वेगळे नेले जातात. पट्ट्यांचा ताण, खिळी व रोलर यांची तपासणी चढवण्यापूर्वी आणि उतरवल्यानंतर अशी दोनदा केली जाते. प्रत्येक प्रवासात वापरलेला ट्रेलर, वाहनाची जागा, काट्यावरील वजन व बांधणीची ठिकाणे यांची नोंद ठेवल्यास पुढील वाहतुकीत अंदाजावर विसंबावे लागत नाही.

## हेही पहा

* लो-बेड ट्रेलर
* रणगाडा
* उत्खनक
* बुलडोझर
* जलयुक्त शिवार अभियान
* मैत्री (संशोधन केंद्र)